गिटार उघडून बसलेला माणूस

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर नीरा नदी लागते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि शिरवळ येतं. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत. त्यात एक फ्रिजचा. एकासारखा एक फ्रिज दिवसभर पट्ट्यावरून सरकत बाहेर पडतो, आणि त्यांच्यात तसूभर फरक पडला तर कुणाला तरी बोलणी खावी लागतात.

आता याच रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहावं आणि कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली एक तरी गाडी दाखवावी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन्ही पोरांची नावं, पुढे लिंबू-मिरची, मागे आईचा आशीर्वाद, कडेला गोंडे, आणि आवाज असा की उसाच्या हंगामात ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. बुलेटवाल्याने कंपनीचा सायलेन्सर काढून घरी माळ्यावर ठेवलेला असतो. तो विकत नाहीत; पोलीस पकडतील त्या दिवसासाठी जपून ठेवतात. आपल्या माणसाच्या लेखी शोरूममधली वस्तू हा कच्चा माल असतो. पुढचं काम घरी आणून करायचं.

गिटार तरी याला अपवाद का असावी?

कारखान्यात पाळीवर काम करणारा, सुटीच्या दिवशी इलेक्ट्रिक गिटार उघडून बसणारा एक तरुण शिरवळात आहे, असं धरून चालू. नसेल तर लवकरच होईल. दिवसभर हजार वस्तू एकसारख्या निघाव्यात म्हणून हा माणूस जीव टाकतो आणि घरी आल्यावर स्वतःची एक वस्तू इतरांसारखी आहे हे त्याला सहन होत नाही. नवी गिटार आली त्या संध्याकाळी त्याने एक सूरही लावला नाही. उलटी करून मांडीवर घेतली आणि मागचे चार स्क्रू काढले. वडील पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पैसे मोजून आणलीय ना? का भंगारातून?"

वडिलांना ठाऊक नव्हतं की ती गिटार मुळात उघडण्यासाठीच जन्माला आली आहे. १९५४ साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा जनक लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकाने घडवली असती तर त्याने मान अंगाला सरस लावून कायमची चिकटवली असती. या रेडिओवाल्याने ती स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, नवी लावा. आज शिरवळपासून सिडनीपर्यंत जी पोरं गिटारचे पार्ट पसरून बसतात, त्यांचा आद्य गुरू हा न वाजवणारा माणूस आहे.

कंपनीच्या मनात नव्हतं ते वादकांनी शोधून काढायचं, हा प्रकारही तेव्हापासूनचा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये तारांचं कंपन पकडणारे तीन पिकअप आणि ते निवडायला तीन खाचांचं बटण. हौशी मंडळींना कळलं की बटण दोन खाचांच्या मध्ये अडकवलं तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि भलताच गोड, किंचित नाकातला आवाज येतो. मग काडेपेटीतली काडी खुपसून बटण अधांतरी टेकवायचं सुरू झालं. कंपनीने पाच खाचांचं बटण द्यायला १९७७ साल उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं जगातले भलेभले गिटारवादक काडीच्या आधारावर वाजवत होते.

शिरवळच्या तरुणाचं पहिलं दुखणं म्हणजे ॲक्शन. ॲक्शन म्हणजे तार फ्रेटच्या पट्टीपासून किती उंच आहे ते. उंच असेल तर बोटांना घट्टे पडतात, खाली आणली तर तार पट्टीला घासून खरखरते. मिलिमीटरच्या अंशांचा खेळ. इंजिनावर हात बसलेला माणूस यासाठी फीलर गेज वापरतो. त्यात मान लाकडाची, आणि लाकूड हवेचं मिंधं. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. ती पान्याने आवळली वा सैल केली की मानेचा बाक बदलतो. नियम एवढाच: एका वेळी पाव फेरा, मग वाट बघायची. पण मे महिन्यात बरोबर बसवलेली मान जुलैत खंबाटकी घाटावर ढग उतरले की पुन्हा हलते. पाव फेऱ्यावर ज्याचं समाधान होतं तो माणूस मुळात गिटार उघडतच नाही. मग पाव, पुन्हा पाव, थोडं उलटं, आणि रात्री साडेअकराला आतल्या खोलीतून आईचा आवाज: "अरे, वाजवणारेस का नुसता पिळणारेस?"

दुसरं दुखणं गुणगुणीचं.

एका कॉइलचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. तो गिटारच्या तारेचं कंपन पकडतो, तसंच घरातल्या विजेचंही पकडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. ४९ हर्ट्झला पाश्चात्त्य सप्तकातला अगदी खालचा 'जी' असतो. म्हणजे आपली वीज जवळपास 'जी' मध्ये गुणगुणते आणि अमेरिकेतली 'बी'च्या थोडी खाली. भारतीय गिटारवाल्याला निसर्गाने नाही तरी वीज मंडळाने फुकट तंबोरा दिलेला आहे. पण त्याला तो नको असतो. मग गिटारच्या पोटातल्या पोकळीला आतून धातूचा पत्रा लावायचा. बाजारात तांब्याची चिकटपट्टी मिळते. घरात मात्र चपात्या गुंडाळायची फॉइल तयार असते. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या चपात्या वर्तमानपत्रात बांधून जातात आणि गिटारची गुणगुण अर्ध्यावर येते. उरलेली अर्धी लोडशेडिंगमध्ये पूर्ण बंद होते. तेव्हा ॲम्प्लिफायरही बंद असतो, ही त्यातली एकच उणीव.

याच्यावरचा खरा उतारा गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये काढला. दोन कॉइल शेजारी बसवायच्या, एकीचा वेढा आणि चुंबक दुसरीच्या उलट. एकीची कुरकुर दुसरीच्या कुरकुरीला खाऊन टाकते आणि सूर तेवढा दुप्पट होऊन बाहेर येतो. याला हंबकर म्हणतात. एकत्र कुटुंबात जावाजावांवर हा प्रयोग अजून यशस्वी झालेला नाही.

पण हंबकर विकत घेणं म्हणजे पुन्हा कारखान्याचाच आवाज आणणं. तरुणाला कॉइल स्वतः भरून हवी. शिरवळसारख्या गावात यासाठी परदेशी जावं लागत नाही. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारं दुकान असतंच. तो खिशात रिकामी बॉबिन घालून तिथे जातो.

"काका, कॉइल भरायचीय."

"किती एचपीची?"

"एचपी नाही. गिटारची आहे."

काका बॉबिन दोन बोटांत धरून उजेडात बघतात. मंगळसूत्राची डबी बघावी तसं. "वेढे किती?"

"आठ हजार."

काका काही बोलत नाहीत. मोटारीच्या एका खाचेत जेमतेम काही डझन वेढे भरण्यात आयुष्य गेलेला माणूस अशा वेळी काय बोलणार? मग ते कामाचा प्रश्न विचारतात. "तार?"

"बेचाळीस गेज."

"आपला बेचाळीस का अमेरिकन?"

इथे पोराची विकेट जाते. इंटरनेटवर वाचलेला बेचाळीस अमेरिकन गेजचा: तार ०.०६३ मिलिमीटरची, केसाएवढी. आपल्या दुकानांत चालतो तो ब्रिटिश मापाचा बेचाळीस, ०.१ मिलिमीटरचा, दीडपटीहून जाड. ती तार आठ हजार वेढे त्या बॉबिनवर मावणारच नाही. गिटारवर दोनशे व्हिडिओ पाहिलेल्या पोराला जे कळलं नव्हतं ते गिटार कधी हातात न धरलेल्या काकांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. वर हेही की वेढे वाढवले तर जोर वाढेल, पण वरची धार मारली जाईल. पिकअपबद्दल अमेरिकेतले मोठे कारागीर नेमकं हेच सांगतात. फक्त ते समोर बॉबिन धरून "पंपाची असती तर संध्याकाळपर्यंत दिली असती" असं पुढे जोडत नाहीत.

असल्या उद्योगांना घरचे लोक चाळे म्हणतात. घरच्यांनी शिरवळहून खंबाटकी चढून, सुरूर फाट्याला वळून, वाईवरून पसरणीचा घाट चढावा. वर पाचगणी आहे. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा १९५० च्या दशकात वसतिगृहात राहून शिकत होता आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. तो पाचगणी सोडण्याच्या सुमारास, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, लंडनजवळ ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा पोरगा आणि त्याचे वडील घरातल्या एका खोलीत गिटार करायला बसले होते. विकत घ्यायला पैसे नव्हते.

त्यांचं सामान बघण्यासारखं आहे. मानेला एका जुन्या घरातल्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी लाकूड, जवळजवळ दोनशे वर्षांचं. त्याला किड्यांनी पाडलेली भोकं काड्यांनी बुजवलेली. फ्रेटच्या पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तारा झुलवणाऱ्या दांडीखालच्या स्प्रिंगा १९२८ च्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. दांडी सायकलच्या पिशवीचा आधार वाकवून केलेली, आणि तिच्या टोकाला आईची विणायची सुई. दोन वर्षं लागली, खर्च आठ पौंडांच्या आसपास. याच गिटारीवर पुढे फ्रेडी आणि ब्रायन यांच्या क्वीन बँडची बहुतेक गाजलेली गाणी वाजली आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात तीच वाजली. ब्रायन मे पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतात. फॉइल नेली म्हणून ओरडणाऱ्या आईला हे सगळं सांगून बघायला हरकत नाही. बटणं आणि सुई लपवून ठेवली जातील एवढंच.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनची तऱ्हा वेगळी. त्याने पन्नास डॉलरला एक नापास झालेलं गिटारचं अंग आणि ऐंशी डॉलरला मान घेतली, जुन्या गिब्सनमधला हंबकर उपटून त्यात कोंबला आणि पिकअप शिट्टी मारू नये म्हणून मेणात बुडवला. टेप चिकटवून, सायकलचा रंग फवारून, टेप ओढून काढली. पट्टेच पट्टे उमटले. आज ते पट्टे नक्कल करून कारखाने हजारोंनी विकतात. म्हणजे एकाने कारखान्याला कंटाळून जे केलं ते बाकीच्यांना कारखान्यातून तयार हवं आहे. शिरवळच्या तरुणानेही दुचाकी रंगवणाऱ्याकडून पट्टे मारून घेतले. समोर जो रंग उरला होता तो बसला आणि गिटार लांबून पाहिली की टेम्पोचं मडगार्ड वाटते.

आणखी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा नोकरीला होता. तो दिवस त्याचा शेवटचा, कारण बँडबरोबर दौऱ्यावर निघायचं होतं. जेवणाच्या सुटीत घरी आला, परत जावंसं वाटेना. आई म्हणाली, हाती घेतलेलं काम पुरं करून ये. प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या फोरमनने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जळालेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवणाऱ्या वादकाची. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. गिटारच्या तारा बोटांना झेपेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या, आणि पुढे सगळा सूरच खाली उतरवला. तो ढिला, जड, खालचा आवाज म्हणजे त्याचा बँड ब्लॅक सॅबथ. आणि १९७० नंतर हेवी मेटल म्हणून जे काही उभं राहिलं त्याचा पाया. शिरवळच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या पोराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तो न बोलता स्वतःच्या बोटांकडे बघतो.

इथपर्यंत सगळं साहेबाच्या देशातलं झालं. पण गिटारवाल्याने आपली कुळी शोधायला विलायतेला जायचं कारण नाही. हाच रस्ता धरून साताऱ्यापुढे सांगलीच्या बाजूला उतरलं की मिरज. तिथे एकोणिसाव्या शतकापासून तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून सतारी आणि तंबोरे बनत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे गिऱ्हाईक आलं की दर सांगण्याआधी विचारपूस होते: बाईमाणसासाठी की पुरुषासाठी, सूर कुठला, जवारी खुली की बंद?

जवारी ही काय चीज आहे ते जवळून बघावं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार त्यावरून जाताना एका बिंदूवर टेकत नाही, उतारावर लोळत जाते आणि तिच्यातून झंकार फुटतो. कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात. शेवटी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे. दोरा जागेवर आला की सबंध खोली बोलायला लागते. गिटारच्या दुनियेत तार फ्रेटला घासून खरखरली की तो दोष धरतात आणि घालवायला पैसे मोजतात. मिरजेत तीच खरखर पैदा करायला पैसे मोजावे लागतात. सतारीचंही तसंच. रविशंकरांच्या बाजाला खरजाची जाड तार हवी, जवारी खुली हवी; विलायत खाँसाहेबांनी खरजाची तार काढूनच टाकली आणि सतारीला गायला लावलं. चालू वाद्य उघडून त्यातली तार कायमची काढणं, याला मॉडिफिकेशन नाही तर काय म्हणायचं?

आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचं काय? डेप्युटी कलेक्टरकी केलेला हा गृहस्थ. विलायती हार्मोनियमचे बारा सूर त्यांच्या कानाला बेसूर लागत. त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून १९१० साली इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून त्यांनी सूर मोजले आणि क्लेमेंट्स नावाच्या गोऱ्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साथीने थेट लंडनच्या कारखान्यातून बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाले आणि ती पेटी काही घरोघर पोचली नाही. पण परदेशी वाद्य जसं आलं तसं वाजवायला नकार देणारा सातारा-सांगलीकडचा पहिला मॉडिफायर म्हणून त्यांचा फोटो शिरवळच्या पोराने भिंतीवर लावायला हरकत नसावी. सध्या तिथे व्हॅन हेलन आहे.

गणपतीत तर सारा हिशेबच उलगडतो. मिरवणुकीपुढे जो बेंजो वाजतो, त्याचा पाश्चात्त्य बँजोशी नावापुरता संबंध. तो जन्माने जपानी. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ताईशोगोतो केला. भारतात येऊन त्याचा बुलबुल तरंग झाला. महाराष्ट्रात त्याला पिकअप लावून, ॲम्प्लिफायरला जोडून, गाडीवर चढवून बेंजो केला. टाइपरायटरच्या बटणांवर झिंगाट वाजवायची कल्पना नागोयात कुणालाही सुचली नसती. आपल्या गावोगावच्या बेंजो पार्ट्यांनी ही इलेक्ट्रिक तारवाद्यं कित्येक वर्षं स्वतःच उघडली, सुधारली, पावसात भिजवली आणि पुन्हा चालू केली. त्यांच्यावर कुणी मॅगझिन काढलं नाही. शिरवळच्या तरुणाने यंदा पिकअपची अडचण घेऊन एका बेंजोवाल्याला गाठलं. त्याने गिटार हातात घेतली, मागून ठोकून बघितली आणि विचारलं, "वाजवतोस काय यावर?"

तरुण जरा चाचरला. "अजून सेटिंग चालू आहे."

ते सेटिंग या लेखापर्यंत पुरं झालेलं नाही. पिकअप तिसऱ्यांदा भरून झाला, मेणात बुडवला. आईचं दुधाचं पातेलं त्यापायी कामातून गेलं. खटके, पोटेन्शिओमीटर, कपॅसिटर बदलले. मूळ गिटारमधलं लाकूड आणि कर्ज एवढंच शिल्लक आहे. पण परवा रात्री पाळी संपवून आल्यावर त्याने एक तार छेडली आणि ती आत्तापर्यंत कुठल्याच दुकानात ऐकली नव्हती अशी वाजली. वडील आतून म्हणाले, "हं." त्यांच्या बाजूने हा पुरस्कार आहे.

तेव्हा साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत शिरवळच्या थांब्यावर कुणी लांबट काळी पिशवी सांभाळत चढला, तर जरा सरकून त्याला खिडकीची जागा द्या. पिशवी वर टाकायला मात्र सांगू नका. ॲक्शन त्याने कालच बसवली आहे.